केशरोपण : तीस वर्षांचा हिशेब

आंघोळ झाल्यावर ओले केस, डोक्यावर ट्यूबलाइट आणि समोर आरसा. केस विरळ होत चाललेत हे बहुतेकांना पहिल्यांदा असंच कळतं. कोरडे केस एकमेकांच्या आधाराने उभे राहतात आणि कातडी झाकून टाकतात. ओले झाले की चिकटतात आणि मधली पांढरी वाट उघडी पडते. मग मोबाइल डोक्यामागे धरून भोवऱ्याचा फोटो काढणं, तो मोठा करून बघणं, जुन्या फोटोशी ताडून पाहणं सुरू होतं. काही महिन्यांत विचार पक्का होतो की हेअर ट्रान्सप्लांट करून टाकू. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती ग्राफ्ट लागतील?" (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून दुसरीकडे रोवायचा केसांचा लहानसा गट.)

मी पंचविसाव्या वर्षी हाच प्रश्न घेऊन दोन ठिकाणी गेलो होतो. पहिल्या ठिकाणी कपाळावर मार्करने रेघ ओढली, ३,००० ग्राफ्ट सांगितले आणि पुढच्या आठवड्यातली तारीख देऊ केली. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर बाईंनी भिंगातून सगळं डोकं तपासलं, वडिलांचे आणि दोन्ही मामांचे फोटो आणायला सांगितले आणि ते पाहून म्हणाल्या, "आत्ता नको. औषध सुरू करू. वर्षाने परत या." तेव्हा मला खूप राग आला होता. शस्त्रक्रिया शेवटी त्यांच्याकडेच, चौतिसाव्या वर्षी झाली. आज मी शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि त्या नकाराने माझं काय वाचलं हे मला नीट कळतं. ते दुसऱ्या कुणाला वेळेवर कळावं म्हणून हे लिहितो आहे.

मुळात ही शस्त्रक्रिया नवे केस उगवत नाही. डोक्यावर आहेत त्याच मुळांची जागा बदलते. एवढं एक वाक्य मनात घट्ट बसलं की पुढचं सगळं नियोजन आपोआप समजू लागतं.

कितीही टक्कल पडलं तरी दोन्ही कानांच्या वर आणि डोक्याच्या मागे केसांची झालर राहते, हे आपण रोज बघतो. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या रक्तातच टक्कल आहे, त्यांच्या कपाळाजवळच्या आणि माथ्यावरच्या मुळांना हे डीएचटी सोसत नाही. केस एकदम गळून जात नाही. तो गळतो, पुन्हा येतो, पण दर फेरीला आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका होऊन येतो. शेवटी नुसती लव उरते. झालरीतली मुळं मात्र डीएचटीला दाद देत नाहीत.

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये मागची केसाळ कातडी पुढच्या टकलावर लावली आणि ती तिथे वाढत राहिली. १९५९ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. मूळ कुठेही नेऊन लावा, ते स्वभाव जन्मजागेचाच ठेवतं, हा त्यांचा सिद्धांत. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच भाजल्याच्या व्रणांवर असं रोपण केलेलं होतं, पण ते काम जपानबाहेर पोचायला बरीच वर्षं जावी लागली.

ओरेंट्राइक यांच्या काळात कातडीची गोल चकती काढत, साधारण ४ मिलिमीटर व्यासाची. एका चकतीत पंधरा-वीस केस. आजूबाजूला स्वतःचे केस होते तोवर त्या चकत्या झाकलेल्या राहिल्या. पुढे उरलेले केस गेले आणि लावलेले पुंजके बाहुलीच्या डोक्यासारखे उघडे पडले. सिद्धांत खरा ठरला होता. लावलेले केस टिकलेच होते. पण बाकीचं डोकं बदलणार आहे, हे कोणी धरलं नव्हतं. त्या पुरुषांना पुढची कित्येक वर्षं टोपी घालून फिरावं लागलं.

आज चकत्या नाहीत. केस कातडीतून एकेकटा येत नाही, एक ते चार केसांच्या लहान गटाने येतो, हे १९८४ मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी वर्णन करून दाखवलं. पुढे बॉबी लिमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे गट वेगळे करायची पद्धत बसवली, आणि १९९५ मध्ये रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रासमन यांनी गट जसाच्या तसा लावण्याची शस्त्रक्रिया मांडली. आपण ज्याला ग्राफ्ट म्हणतो तो हाच नैसर्गिक गट. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन-सव्वादोन केस. म्हणून "३,००० ग्राफ्ट" आणि "३,००० केस" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत कोणता आकडा आहे ते नीट बघा.

माझ्या शस्त्रक्रियेच्या मधल्या सुट्टीत मी एक ग्राफ्ट भिंगातून पाहिला होता. गार सलाइनमध्ये भिजवलेल्या पट्टीवर ते ओळीने मांडून ठेवले होते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान. वरच्या टोकाला कातडीचा अर्धपारदर्शक तुकडा, त्यातून बाहेर आलेले दोन काळे केस, खाली पिवळसर चरबीचं पातळ अस्तर आणि अगदी तळाशी फुगीर कंद. चिमटा त्या कंदावर जरा जोरात दाबला गेला, किंवा ते अस्तर काही मिनिटं सुकलं, की संपलं. शरीराबाहेर जेवढे तास जास्त तेवढी जगण्याची शक्यता कमी. हे एवढे नाजूक दाणे हजारांनी काढायचे आणि प्रत्येक योग्य कोनात रोवायचा. रोवणारा हात कोणाचा आहे, तो डॉक्टरांचा की नुकत्याच लागलेल्या मदतनीसाचा, हे आधी विचारायला संकोच करू नका.

आता हिशेबाकडे येतो. ज्या गोष्टीवर मला सर्वात जास्त सांगायचंय ती हीच.

टक्कल नसलेल्या डोक्यावर चौरस सेंटिमीटरला साधारण ८० गट असतात. माणसामाणसात कमीजास्त होतं, पण आकडा धरून चालू. मागची झालर, म्हणजे जिथले केस म्हातारपणीही टिकतील असा पट्टा, साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरा. म्हणजे तिथे १६,००० गट झाले. हे सगळे काढता येत नाहीत, कारण मग मागेच टक्कल दिसेल. तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडे अधिक काढले तरी मागचा भाग बरा दिसतो. म्हणजे आयुष्यभरात हाती येणार साडेपाच-सहा हजार ग्राफ्ट. कोणाला ४,००० मिळतील, दाट आणि सैल कातडीच्या एखाद्याला ८,०००. ही पुंजी एकदाच मिळते. काढलेल्या जागी दुसरा केस येत नाही.

आणि मागणी किती? टक्कल शेवटच्या टप्प्याला गेलं तर कपाळापासून भोवऱ्यापर्यंतची रिकामी जागा २०० चौरस सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त भरते. मुळात तिथेही १६,००० गट होते. तुमच्याकडे आहेत ६,०००. सगळीकडे सारखे पसरले तर चौरस सेंटिमीटरला ३०, म्हणजे मूळच्या निम्म्याहूनही कमी. कुठलाही सर्जन, कुठलंही यंत्र हा व्यवहार बदलू शकत नाही.

सुदैवाने डोळा मात्र फसतो. केस निम्मे होईपर्यंत विरळपणा सहसा जाणवतच नाही. म्हणून पूर्वीइतके केस लावायची गरज नसते. पुढे ४० ते ४५, मध्ये ३० आणि मागे त्याहून कमी, अशी वाटणी केली तरी चेहऱ्याला चौकट मिळते. केसाचा पोत इथे फार मोठं काम करतो. ८० मायक्रॉन जाडीचा केस ६० मायक्रॉनच्या केसापेक्षा दिसायला थोडाच जाड, पण त्याचा छेद पावणेदोन पट भरतो. कुरळे केस सरळ केसांपेक्षा जास्त झाकतात. गोऱ्या कातडीवर काळेभोर सरळ केस असतील तर फटी लगेच दिसतात. सावळ्या कातडीवर तेच केस दाट वाटतात. म्हणून मित्राला २,५०० ग्राफ्टमध्ये जे मिळालं ते तुम्हाला तेवढ्यात मिळेलच असं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं इथे आहे. फरक एवढाच की अंथरूण आखूड होत जातं आणि पाय लांब. कारण टक्कल थांबत नाही. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या मांडल्या आणि ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये त्या सुधारल्या. डॉक्टर आजही "नॉरवुड तीन", "नॉरवुड सहा" म्हणतात ते यावरूनच. चोविसाव्या वर्षी तिसऱ्या पायरीवर असलेला मुलगा चाळिशीत चौथीवर थांबेल की सातवीवर जाईल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वडील, काका, आजोबा, मामा यांची डोकी बघून अंदाज बांधता येतो. फक्त आईकडूनच टक्कल येतं ही समजूत खरी नाही, दोन्ही घरांकडून येतं. जितक्या लहान वयात गळती सुरू झाली तितकी ती दूर जाण्याची शक्यता जास्त. आणि नेमक्या त्याच वयात माणसाला घाई सर्वात जास्त असते. पंचविशीच्या आतल्यांना चांगले सर्जन थांबवतात ते याच कारणाने.

घाईचा परिणाम कसा दिसतो ते भोवऱ्यावर बघू. समजा तिशीच्या आत भोवऱ्याजवळ ८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ विरळ झालं. क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. ३० च्या घनतेने भरायला १,५०० ग्राफ्ट गेले. वर्षभर छान दिसलं. पुढच्या दहा वर्षांत त्या भोवतीचे मूळचे केस गेले आणि वर्तुळ १२ सेंटिमीटरचं झालं. आता क्षेत्रफळ ११३. मधे केसांचं बेट, भोवती मोकळं कडं. ते कडं भरायचं तर आणखी १,९०० ग्राफ्ट हवेत. एकट्या भोवऱ्याने ३,४०० खाल्ले आणि पुढच्या कपाळासाठी निम्मी पुंजीसुद्धा उरली नाही. भोवऱ्यात केस गोल फिरत बाहेर जातात, एकमेकांवर पडून झाकत नाहीत, त्यामुळे तिथे लावलेला प्रत्येक ग्राफ्ट कपाळाजवळ लावलेल्या ग्राफ्टपेक्षा कमी दिसतो. तरुण माणसाचा भोवरा शेवटी ठेवावा, शक्य तर औषधावरच सांभाळावा, असं माझं मत आहे, आणि बहुतेक अनुभवी सर्जन तसंच करतात.

कपाळावरची रेघ ही दुसरी मोहाची जागा. आरशासमोर उभे राहून भुवया जोरात वर करा. कपाळावर आठ्या पडतील. सर्वात वरची आठी जिथे पडते त्याच्या थोडी वर पौगंडातली केसांची रेघ असते. मोठेपणी, टक्कल नसलेल्या पुरुषाचीसुद्धा ती बोटभर मागे सरकते आणि दोन्ही कोपरे जरा आत जातात. चाळिशी-पन्नाशीतल्या भरगच्च केसांच्या माणसाचं कपाळ नीट बघा, कोपरे दिसतील. आपल्याला मात्र शाळेच्या ओळखपत्रावरची रेघ परत हवी असते. ती १ सेंटिमीटर खाली आणायची तर १५ सेंटिमीटर रुंदीला १५ चौरस सेंटिमीटर जागा वाढते, म्हणजे ४० च्या घनतेने ६०० ग्राफ्ट. आयुष्याच्या पुंजीतला दहावा हिस्सा एका बोटाच्या रुंदीसाठी. वर, साठीतल्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर अठरा वर्षांच्या मुलाची सरळ रेघ विचित्र दिसते. रेघ नंतर खाली आणता येते. वर न्यायची तर लावलेले ग्राफ्ट एकेक करून काढावे लागतात किंवा लेझरने जाळावे लागतात. म्हणून सुरुवात वरूनच करावी.

मुळं काढायच्या दोन पद्धती आहेत. एफयूटीत मागच्या कातडीची लांब पट्टी काढून टाके घालतात आणि पट्टीतून ग्राफ्ट वेगळे करतात. एक आडवा व्रण राहतो, केस थोडे वाढवले की झाकतो. एफयूईत ०.८ ते १ मिलिमीटरच्या पोकळ सुईने एकेक ग्राफ्ट काढतात. त्यात व्रण राहत नाही असं सांगतात, ते बरोबर नाही. हजारो पांढुरके ठिपके राहतात, फक्त ते विखुरलेले असल्याने दिसत नाहीत. एफयूईचा धोका वेगळा आहे. सुई कुठेही लावता येते, त्यामुळे एका बैठकीत मोठा आकडा गाठायच्या नादात टिकाऊ पट्ट्याच्या वरचे आणि मानेजवळचे केसही काढले जातात. वॉल्टर उंगर यांनी ६५ वर्षांवरच्या पुरुषांची डोकी तपासून टिकाऊ पट्ट्याच्या सीमा आखल्या त्या याचसाठी. सीमेबाहेरचा केस पुढे लावला तरी तो त्याच्या जन्मजागेच्या नशिबानेच जाईल. शिवाय मागे कसर लागल्यासारखे चट्टे दिसू लागतील, ते वेगळंच.

मग "लावलेले केस कायमचे" हे कितपत खरं? टिकाऊ पट्ट्यातून घेतलेले केस बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात, यात शंका नाही. पण ते अमर नाहीत. पट्टीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या ११२ रुग्णांना चार वर्षांनी पाहिलं, तेव्हा लावलेल्या केसांची घनता जराही न घटलेले जेमतेम ९ टक्के निघाले. सुमारे २८ टक्क्यांची थोडी, निम्म्याहून अधिक जणांची मध्यम आणि ८ टक्क्यांची बरीच घटली होती. ही एकच पाहणी आहे आणि लहान आहे, तिच्यावर सगळा भार टाकता येणार नाही. तरीही ओरेंट्राइक यांचा सिद्धांत शंभर टक्के लागू पडत नाही, एवढं ती नक्की सांगते. केस लावलेल्या जागेचाही मुळावर परिणाम होतो. डोक्यावरचे केस पायावर लावून पाहिले, तर ते तिथे हळू वाढले. आणि वयोमानाने मागची झालरही थोडी विरळ होतेच, त्यामुळे तिथून आलेले केसही तेवढे विरळ होणार.

म्हणूनच औषधाशिवायची शस्त्रक्रिया मला अर्धी वाटते. शस्त्रक्रिया रिकामी जागा भरते, औषध उरलेले मूळचे केस धरून ठेवतं. फिनास्टेराइड हे औषध डीएचटी बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं. १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. पाच वर्षांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ९० टक्के पुरुषांचे केस फोटोंच्या तुलनेत तेवढेच राहिले किंवा वाढले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हा आकडा २५ टक्के होता. केशरोपण झालेल्या ७९ पुरुषांच्या एका चाचणीत शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीपासून वर्षभर ती दिली, तेव्हा ९४ टक्क्यांमध्ये डोक्यावरचे केस वाढलेले दिसले, न घेणाऱ्यांत ६७ टक्के.

हे औषध निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास असे परिणाम जाणवतात आणि काहींनी ते गोळी बंद केल्यावरही राहिल्याचं सांगितलं आहे. उदासपणा आणि आत्महत्येचे विचार यांबाबतही औषधाच्या माहितीपत्रकात इशारा असतो. मन खचल्यासारखं वाटलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांशी बोला. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा ही गोळी साधारण निम्मा करते, म्हणून तपासणीच्या वेळी ती घेत असल्याचं सांगायला विसरू नका. गर्भवती स्त्रीने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. दुसरं औषध मिनॉक्सिडिल. ते लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट केस जास्त गळतात, त्याने घाबरून बरेच जण सोडून देतात. दोन्ही औषधं बंद केली की मिळालेलं काही महिन्यांत जातं. म्हणजे शस्त्रक्रियेचं नियोजन करताना स्वतःला विचारायचा प्रश्न असा: मी औषध वर्षानुवर्षं घेणार आहे का? उत्तर प्रामाणिकपणे "नाही" असेल, तर शेवटच्या पायरीचं टक्कल गृहीत धरूनच ग्राफ्ट वाटायला हवेत. म्हणजे फक्त पुढची चौकट भरायची आणि मागचा भाग मोकळा सोडायचा.

पहिल्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळीकडे सांगितलं जातं. सात-दहा दिवसांत खपल्या पडतात. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून जातात, मूळ आत सुखरूप असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक कोंब दिसतात, सहाव्यात निम्मं काम, बाराव्यात बऱ्यापैकी पूर्ण, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. लावलेल्या ग्राफ्टच्या शेजारचे तुमचे स्वतःचे केसही धक्क्याने गळू शकतात. सशक्त असतील ते परत येतात, आधीच लव झालेले कायमचे जातात. माझा दुसरा महिना शस्त्रक्रियेआधीपेक्षाही वाईट दिसला होता. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर मी हादरलोच असतो.

काहींनी ही शस्त्रक्रिया करूच नये. भिंगातून पाहिल्यावर मागच्या पट्ट्यातलेच केस बारीक होत चाललेले दिसले, तर पुंजीच कच्ची आहे. अशा माणसाचे केस पुढे नेऊन काही साधत नाही. चाई पडलेली असेल तर उपचार वेगळे, कारण तिथे शरीरच मुळांवर हल्ला करत असतं. काही आजारांत केसांची मुळं जळून त्या जागी व्रण होतो. कपाळाची रेघ एकसारखी मागे जाणं, भुवया विरळ होणं, मुळाशी लाली आणि खाज असणं ही त्याची लक्षणं. तो आजार शांत होऊन एक-दोन वर्षं गेल्याशिवाय ग्राफ्ट लावले, तर आजार त्यांनाही खाऊन टाकतो. शंका आली तर आधी कातडीचा लहान तुकडा तपासायला पाठवतात. तपासणीला कंटाळू नका.

स्त्रियांचं चित्र बरंच वेगळं आहे. बहुतेकींचे केस एका जागी न जाता भांगाच्या दोन्ही बाजूंनी सगळीकडे विरळ होतात आणि मागचा पट्टाही त्यातून सुटत नाही. त्यामुळे आधी रक्तातलं लोह, थायरॉइड, बाळंतपणानंतरची गळती, चालू औषधं हे सगळं बघायला हवं. ज्या स्त्रीचा मागचा भाग भक्कम आहे, किंवा जिचं कपाळ जन्मतःच मोठं आहे, तिला मात्र शस्त्रक्रियेचा उत्तम उपयोग होतो.

डॉक्टर निवडताना मी तीन गोष्टींवर अडून बसायला सांगेन. त्यांनी आधीच्या रुग्णांचे बारा महिन्यांचे फोटो दाखवले, तर पाच किंवा दहा वर्षांचे मागा. ते फोटो ओल्या केसांचे, सारख्या उजेडातले असतील तर फारच चांगलं. दुसरं, तुमच्या मागच्या भागाची घनता मोजून आयुष्यभरात किती ग्राफ्ट निघतील आणि या बैठकीनंतर किती उरतील, हे कागदावर लिहून घ्या. "पुढचं पुढे बघू" म्हणणाऱ्याकडे थांबू नका. तिसरं, औषधाने काही फरक पडला नाही आणि टक्कल शेवटच्या पायरीला गेलं तर हेच रोपण कसं दिसेल, त्याचं चित्र काढून दाखवायला सांगा. ज्यांनी विचार केलाय ते लगेच पेन उचलतात.

पुंजी संपलेल्यांसाठीही वाटा आहेत. दाढीचे केस जाड असतात, मधल्या भागात मिसळले तर घनता वाढवतात. पण पुढच्या रेघेत राठ दिसतात. छातीचे केस आखूड वाढतात. कातडीत रंगाचे सूक्ष्म ठिपके भरून विरळपणा आणि जुने व्रण झाकता येतात. चुकीच्या रोपणाची दुरुस्तीही होते, मात्र ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड आणि उरलेल्या थोड्या ग्राफ्टवरच भागवावी लागते.

मी दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात पाच फोटो काढतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून, त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, केस ओले करून. एकवीस वर्षांचे फोटो एका फोल्डरमध्ये आहेत आणि डॉक्टर दर भेटीत ते शेजारी शेजारी लावून बघतात. पुढच्या भागात लावलेले २,४०० ग्राफ्ट बऱ्यापैकी टिकलेत, डाव्या कोपऱ्यात थोडे विरळ झालेत. भोवरा मात्र गेल्या तीन वर्षांत पसरलाय. त्यांच्या नोंदीत माझ्या नावापुढे अजून साधारण ३,००० ग्राफ्ट शिल्लक लिहिलेले आहेत. यंदा त्यांना हात लावायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. पुढच्या वर्षीचे फोटो आले की पुन्हा बघू.